कॅमेऱ्यासाठी कोकणकडा की रतनगड?

दोन्ही ठिकाणं अकोले तालुक्यातली, दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. कोकणकडा हा हरिश्चंद्रगडाचाच कडा. पाचनईतून हरिश्चंद्रगड दोन-अडीच तासांत होतो, रतनवाडीतून रतनगडाला तीनेक तास लागतात. पायपिटीत म्हणावा तसा फरक नाही. फरक आहे तो उजेडात.

कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून, आत वळलेल्या कमानीसारखा उभा आहे. सकाळी तो पूर्ण सावलीत असतो आणि फोटोत नुसता काळा डाग येतो. दुपार कलली की ऊन थेट कड्यावर पडतं आणि बेसॉल्टचे थर एकेक करून सुटे दिसायला लागतात. म्हणून पहाटे चढून दुपारी उतरणाऱ्यांना कडा पाहायला मिळतो, पण त्याचा चांगला फोटो मिळत नाही. इथे मुक्काम हवाच. मधोमध उभं राहून वाइड लेन्स लावली तर वळण सपाट होतं. त्यापेक्षा धारेपासून मागे राहत कड्याच्या एका टोकाकडे सरका, कॅमेरा उभा धरून चार-पाच फ्रेम घ्या आणि घरी जोडा. समोरच्या टोकावर कुणी उभं असेल तर त्याला फ्रेममधून काढू नका. माणूस दिसल्याशिवाय त्या कड्याचा आवाका कळत नाही. दरीत धुकं आणि पाठीशी ऊन असा योग जुळला, तर सकाळी इंद्रवज्र दिसतं: गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची १८३५ मधली नोंद आहे. पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

रतनगडावर असा एकच विषय नाही, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. पायथ्याला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर, मग गर्द रान, पुढे लोखंडी शिड्या (तिथे दोन्ही हात मोकळे लागतात, ट्रायपॉड सॅकला घट्ट बांधा) आणि माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भगदाड. माथ्यावरून उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात. नजर उत्तरेकडे असल्याने सकाळी उजवीकडून आणि संध्याकाळी डावीकडून तिरपं ऊन मिळतं, डोंगरांच्या घड्या दोन्ही वेळा उठून दिसतात. इथे दूरचं जवळ आणणाऱ्या ७०-२०० मिमी लेन्सचं ओझं वसूल होतं. सूर्योदयाला पूर्वेकडे वळा, भंडारदऱ्याचं पाणी उजळताना दिसेल. सप्टेंबरअखेर सोनकीची पिवळी फुलं फुललेली असतात. पायवाट न सोडता, कॅमेरा जमिनीलगत धरून मागे डोंगर घ्या. फुलं तुडवून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी मला तो बघवत नाही.

पहिल्यांदाच निघत असाल तर माझं मत रतनगडाला. कोकणकडा नोव्हेंबरात, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी करा. शनिवार-रविवारी धारेलगत मोकळी जागा मिळणं कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे बहुतेक वेळ ढगच असतात. ड्रोनला वनखात्याची परवानगी लागते, आणि वर मुक्काम करता येईल का हे गावात शिरतानाच विचारून घ्या.