एरोबिक सेप्टिकवालं घर: होम इन्स्पेक्टर, मालकाचा मेंटेनन्सवाला की आपला स्वतंत्र माणूस?

टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या बाहेर लिबर्टी हिल, जॉर्जटाउन नाहीतर ड्रिपिंग स्प्रिंग्सकडे एक एकरवालं घर बघायला लागलात की लिस्टिंगमध्ये (घर विक्रीच्या जाहिरातीत) एरोबिक सेप्टिक, म्हणजे हवा सोडून सांडपाणी शुद्ध करणारी टाकी, येतंच, आणि मग ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो की अरे हे तपासायचं कोणाकडून. आम्ही एक घर ह्याच कारणावरून सोडलं, दुसरं घेतलं आणि यंदा तेही विकलं, त्यामुळे तिन्ही प्रकारचे लोक आमच्या अंगणात येऊन गेलेत.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या डोक्यात गावाकडची सेप्टिक टाकी असते, भरली की गाडी बोलवायची आणि दहा वर्षं विसरून जायचं. हे तसलं नाही. इथे फूटभर खणलं की चुनखडी लागते, पाणी मुरायला मातीच नाही, म्हणून अंगणातच छोटा ट्रीटमेंट प्लांट बसवतात. पहिल्या टाकीत कचरा नि जाड मैला थांबतो, दुसऱ्यात एअर पंप चोवीस तास हवा सोडतो आणि जिवाणू काम करतात, मग गाळ बसतो, वरचं पाणी क्लोरीनमधून पंप टाकीत जातं आणि बऱ्याच घरांत रात्री १२ ते पहाटे ५ च्या मधे जांभळ्या टोपीच्या स्प्रिंकलरमधून गवतावर उडतं. म्हणजे मोटर, टायमर, फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच), अलार्म, क्लोरीन, एवढ्यातलं काहीही बंद पडू शकतं आणि घरात फ्लश व्यवस्थित होत राहतो. तपासणीची सगळी गोम ह्यात आहे.

पहिला पर्याय, होम इन्स्पेक्टर. बहुतेक जण हाच घेतात कारण तो घर बघायला येणारच असतो, थोडे जास्त पैसे दिले की सेप्टिकपण बघतो. पण टेक्ससमध्ये इन्स्पेक्टरांचे जे नियम आहेत त्यात सेप्टिक हा ऐच्छिक भाग आहे, त्याने तो नाही बघितला तरी चालतं, म्हणून आधीच विचारून घ्या. आमच्याकडे आलेल्याने नळ अर्धा तास सोडून ठेवले, फ्लश केले, पंप हाताने चालू करून स्प्रिंकलर उडवून दाखवले, अलार्मचा दिवा बघितला आणि लिहिलं की तपासणीच्या वेळी सिस्टिम चालू होती. खोटं काहीच नव्हतं. पण टाकीचं झाकण त्याने उघडलं नाही, आणि ते घर दोन महिने रिकामं होतं. ज्या सिस्टिममध्ये दोन महिने कोणी अंघोळ केलेली नाही ती छानच दिसणार ना. माझं मत, शहराच्या सीवरवर घर असेल तर असा माणूस पुरे, एरोबिकला नुसता हा घेतला तर पैसे वाया नाहीत पण भरवसाही नाही.

दुसरा, मालकाचा मेंटेनन्सवाला. एरोबिक सिस्टिम दर चार महिन्यांनी म्हणजे वर्षातून तीनदा तपासून रिपोर्ट काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखं इथलं स्थानिक प्रशासन) किंवा जे कोणी परमिट देतं त्यांना पाठवायचा असतो, त्यामुळे हा माणूस त्या टाकीला नावानिशी ओळखतो. मोटर कधी बदलली, कुठला फ्लोट अडकतो, सगळं माहीत. अडचण एकच, त्याचं गिऱ्हाईक घर विकणारा मालक आहे, तुम्ही नाही. डील मोडेल असं काही लिहायला त्याचाही हात जड होतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. म्हणून त्याला तपासणीला बोलवू नका, त्याचे जुने रिपोर्ट मागा. मालक देत नसेल तर काउंटीकडून परमिटची फाइल मागवा, काही काउंटींत ऑनलाइनही सापडते. मी स्वतः संध्याकाळी चहा घेऊन दोन वर्षांचे सहा रिपोर्ट वाचले, त्यात चार वेळा क्लोरीन शून्य. नियमाने पंप टाकीत लिटरला किमान ०.१ मिलिग्रॅम उरायला पाहिजे. म्हणजे सव्वा वर्षाच्या वर त्या अंगणात बिनक्लोरीनचं पाणी उडत होतं आणि मुलांचा झोपाळा तिथेच. ते घर सोडलं ते ह्या कागदावरून, कुठल्या इन्स्पेक्टरवरून नाही. (काही काउंटींत मालकाने स्वतः मेंटेनन्स केलेला चालतो, तिथे रिपोर्ट पातळ असतात किंवा नसतातच, मग पुढचा पर्याय घ्यावाच लागतो.)

त्याच फाइलमध्ये अजून एक सोनं असतं ते म्हणजे डिझाइन. सिस्टिम बेडरूमवर ठरते. पाणी वाचवणारे नळ आणि कमोड धरून २,५०० स्क्वेअर फुटांच्या आतल्या ३ बेडरूमला दिवसाला २४० गॅलन, ३,५०० च्या आतल्या ४ बेडरूमला ३००. आता लिस्टिंगमध्ये ४ बेडरूम आणि परमिटवर ३ असं दिसलं की समजायचं कोणीतरी स्टडीला दार लावून बेडरूम केली. आणि आपल्याकडे आई-बाबा सहा महिने येतात, वर मावशी, वर रोज दोन वेळा अंघोळ आणि वॉशिंग मशीन, त्याचा हिशोब त्या डिझाइनमध्ये कोणी केलेला नसतो.

तिसरा, स्वतंत्र लायसन्सवाला, ज्याचा मालकाशी संबंध नाही. टीसीईक्यू म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं लायसन्स त्यांच्या साइटवर शोधता येतं, मेंटेनन्स प्रोव्हायडर किंवा इन्स्टॉलर २ (इन्स्टॉलर म्हणजे सिस्टिम बसवणारा) असं काहीतरी असतं, बघून घ्या. महाग पडतो. आम्हाला टाकी उपसण्यासकट साडेआठशे डॉलर पडले, इन्स्पेक्टरने सेप्टिकचे जादा दीडशेच घेतले होते. पण काय बघितलं ते सांगतो. माणसाने चारही झाकणं उघडली, खाली दुसरं सुरक्षा झाकण आहे का ते आधी बघितलं (लहान मुलं असतील तर हे पहिलं बघा), मग एक लांब पारदर्शक नळी सरळ तळापर्यंत घातली आणि वर काढून गवतावर आडवी न करता उभीच धरली. नळीत वर पिवळट साय, मधे पाणी, खाली हातभर काळा गाळ, फुटाच्या खुणांवर मोजून दाखवला. ह्या नळीला ते लोक स्लज जज म्हणतात, गाळाचा न्यायाधीश, मला हसू आलं पण तो गंभीर होता. मग हवेच्या टाकीतलं पाणी बरणीत घेऊन ट्रकच्या बॉनेटवर अर्धा तास ठेवलं. चांगलं असेल तर चॉकलेटी गाळ खाली बसतो, वर स्वच्छ पाणी, वास मातकट. काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास आला तर हवा पोचत नाहीये. आमचं चॉकलेटी निघालं.

मग त्याने कंट्रोल पॅनेल उघडलं तर आत लाल मुंग्यांचं अख्खं वारूळ. टेक्ससमध्ये हे नेहमीचंच, उबदार जागा आणि वीज ह्यांना फार आवडते. पण वारुळाखाली अलार्मच्या भोंग्याची एक वायर सुटलेली, आणि ती मुंग्यांनी सोडवलेली नव्हती. कोणीतरी रात्री वैतागून काढलेली. इन्स्पेक्टरने लाल दिवा बघितला होता, भोंगा कोण वाजवून बघतो.

आता ह्या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. मालकाच्या रिअल्टरने (घरविक्रीच्या एजंटने) आम्हाला मोठ्या मनाने सांगितलं की तुम्ही काळजी करू नका, आम्ही तपासणीच्या आधी टाकी उपसून देतो. कृपा करून नाही म्हणा. रिकाम्या टाकीत काय बघणार, पाण्याची पातळी बरोबर आहे का, गाळ किती, जिवाणू जिवंत आहेत का, सगळा पुरावा गाडीत भरून गेला. आधी चालू टाकी बघायची, मगच उपसायची, आणि उपसताना भिंतींना भेगा आहेत का ते बघून घ्यायचं. हे ऑप्शन पिरियडमध्ये, म्हणजे घेणाऱ्याला डील सोडायची मुभा असते त्या दिवसांत, बसवायचं असतं, आमचा सातच दिवसांचा होता, त्यामुळे ऑफर स्वीकारल्याच्या दिवशीच फोन केला.

तर घेणाऱ्याने काय करावं? काउंटीची फाइल आधी, ती चांगली असेल तर तिसरा पर्याय, आणि इन्स्पेक्टर फक्त घरासाठी. फाइल वाईट असेल तर साडेआठशे खर्चच करू नका. घर नवं असेल तर पहिली दोन वर्षं इन्स्टॉलरचाच मेंटेनन्स असतो, तिथे मी उपसण्याचा खर्च टाळला असता, नुसतं उघडून बघायला लावलं असतं.

विकणाऱ्याचं गणित उलटं आहे, तिथे दुसरा पर्याय, म्हणजे मेंटेनन्सवालाच बरा. तुमचा मेंटेनन्सवाला लिस्टिंगच्या दोन महिने आधी बोलवा, एअर पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) वाजत असेल तर बदलून घ्या, क्लोरीन भरा. गोळ्या सांडपाण्यासाठीच्याच, स्विमिंग पूलच्या स्वस्त पडतात म्हणून त्या अजिबात नकोत, दोन्ही जातीच्या गोळ्या क्लोरीनच्या ओल्या नळीत एकत्र आल्या तर स्फोटक वायू तयार होऊ शकतो. स्प्रिंकलरच्या टप्प्यातून मेथी-कोथिंबिरीचे वाफेही हलवा, खायच्या पिकावर हे पाणी उडवायला परवानगीच नाही, आणि आमच्या आईने नेमका कढीपत्ता तिथेच लावला होता कारण तिथे तो जोरात येत होता. जे बिघडलं होतं ते डिस्क्लोजरमध्ये (विकणारा घराची माहिती लिहून देतो त्या फॉर्ममध्ये) लिहा, घेणारा काउंटीची फाइल वाचणारा निघाला तर नाहीतरी त्याला कळणारच आहे.

आणि घेताना पॅनेलची किल्ली आणि झाकणांच्या स्क्रूचा बिट मागून घ्या, मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आपोआप तुमच्या नावावर होईल असंही धरून चालू नका. आम्ही वायर जोडून घेतली पण किल्ली विसरलो, आणि पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला भोंगा सुरू झाला, सकाळी आठपर्यंत.