देखभालीची वाटणी: विभागवार की आळीपाळीने?

आजवर एकट्याने ओढलेल्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाला चार-पाच स्वयंसेवक मिळाले की लगेच प्रश्न येतो, काम वाटायचं कसं? रस्ते मुख्यतः दोन. कोडचे भाग पाडून प्रत्येकाला आपापला मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, नेमायचा, किंवा कोड सगळ्यांचा ठेवून कामं आळीपाळीने करायची: या आठवड्यात नवे इश्यू (आलेल्या तक्रारी-सूचना) तू बघ, पुढचं रिलीज (नवी आवृत्ती) मी काढते.

विभागवार वाटणीचं सर्वांत मोठं उदाहरण लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणता भाग कोणाकडे, हे तिथे ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स मुख्यतः त्या त्या मेंटेनरने तपासून गोळा केलेले बदल मूळ कोडमध्ये मर्ज करतात. यात रिव्ह्यू (बदलांची तपासणी) खोल होतो. पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोडचा भाग) तीन वर्षं सांभाळलेल्या माणसाला ‘हे असं विचित्र का लिहिलंय’ हे शोधावं लागत नाही. पण त्याची नोकरी बदलली, घरी बाळ आलं, की त्या भागाचे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी सुचवलेले बदल) पडून राहतात. बाकीच्यांना दिसत असतं, पण दुसऱ्याच्या शेतात नांगर कोण घालणार? डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक पॅकेज (एकेका प्रोग्रॅमचा गठ्ठा) सहसा एका मेंटेनरच्या किंवा गटाच्या नावावर असतं. म्हणूनच इतरांनी दुरुस्ती अपलोड करायची रीतसर सोय तिथे करावी लागली. अशी अपलोड काही दिवस रांगेत थांबवून ठेवता येते, म्हणजे मूळ मेंटेनरला हरकत घ्यायला वेळ मिळतो. विभागवार जाणार असाल तर ही सोय पहिल्या दिवशीच उचला.

आळीपाळीच्या पद्धतीत पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा रिलीज मॅनेजर बघण्यासारखा आहे. आवृत्त्या 3.10 आणि 3.11 पाब्लो गॅलिंडो साल्गादो यांच्याकडे होत्या, 3.12 आणि 3.13 थॉमस वाउटर्स यांच्याकडे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात साचलेले पॅच (सुचवलेले बदल) ‘कमिटफेस्ट’ नावाच्या फेऱ्यांत तपासले जातात. फेरीचा मॅनेजर बदलत राहतो आणि त्याचं मुख्य काम कोड लिहिण्याचं नसून लेखक आणि रिव्ह्यूअर यांच्या मागे लागण्याचं असतं. माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ इथे आहे: जबाबदारी कधी संपणार हे माहीत असतं. बिनपगारी माणूस ‘कायमचं घे’ म्हटलं की कचरतो, ‘एवढं रिलीज काढ’ म्हटलं की तयार होतो.

त्रासही आहे. अर्धवट वाचलेला पीआर पुढच्याकडे जातो, तो पहिल्यापासून वाचतो आणि नेमकं उलट मत देतो. नवखा कॉन्ट्रिब्यूटर (बदल पाठवणारा) वैतागून निघून जातो. त्यामुळे इश्यूची छाननी आळीपाळीने ठेवावी, पण हातात घेतलेला पीआर ड्यूटी संपली तरी त्याच माणसाने शेवटास न्यावा.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती सारख्याच कच्च्या राहू शकतात. 2024 मध्ये उघड झालेल्या एक्सझेड (फाइल आकसवणारं साधन) प्रकरणात थकलेल्या मेंटेनरवर मदतनीस घेण्यासाठी दबाव आला. प्रदीर्घ काळ चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या नव्या सहकाऱ्याच्या हाती रिलीज गेलं आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (बॅकडोर, म्हणजे घुसखोरीची चोरवाट) उघडलं गेलं. ते चालू करणारी बिल्डमधली (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याच्या सूचनांमधली) ओळ गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. म्हणजे रिलीज कोणीही काढो, ते रिपॉझिटरीतून आपोआप तयार व्हावं आणि दुसऱ्याने पडताळल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

पाच-सहा जणांच्या प्रकल्पाला मी आळीपाळीच सुचवेन. अपवाद अंदाजाने हात लावणं धोक्याचं असलेल्या भागांचा: एन्क्रिप्शन, डेटाबेस मायग्रेशन (साठवलेल्या माहितीची रचना बदलणं). तिथे विभागवार मेंटेनर हवेत, पण प्रत्येक भागाला दोन नावं. माणसं पंधराच्या वर गेली की कोण कुठे रमतो ते आपसूक दिसायला लागतं, तेव्हा कोणता भाग कोणाचा हे सांगणारी कोडओनर्स फाइल लिहायला घ्यावी.

कुठलीही पद्धत घ्या, माणूस गायब झाला तर काय, हे आधीच लिहून ठेवा. दोन आठवडे उत्तर नाही, तर काम यादीतल्या पुढच्याकडे जाईल, कारण न विचारता. आणि परत आल्यावर तो पुन्हा यादीत येईल, तेही न विचारता.