जेलकोट दुरुस्तीचं किट, आठ महिन्यांनंतर: माल चांगला, बाटली वाईट

मार्चमध्ये हे पांढऱ्या जेलकोटचं किट ऑनलाइन 1,850 रुपयांना घेतलं. जेलकोट म्हणजे फायबरच्या होडीवरचा गुळगुळीत रंगीत थर; किटमध्ये तो, रंग आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर येतो. गेल्या आठवड्यात कंपनीनं हार्डनरची बाटली बदलून पाठवली आणि तिचंही नोझल तसंच, थेंब नीट न पाडणारं निघालं, म्हणून लिहायला बसलो.

होडी एंटरप्राइज जातीची, शिडाची, ब्रिटिश डिझायनर जॅक होल्टच्या 1956 च्या डिझाइनची, चार मीटरच्या किंचित वर. नौदलात असताना मी हिच्यावरच शीड सांभाळायला शिकलो. निवृत्तीनंतर एक जुनी फायबरची मिळाली, ती टेम्पोत घालून माजलगावला आणली. आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की होडी मुरमावरून ओढत न्यावी लागते. त्यात तळाला हातभर ओरखडा पडून आतली काचतंतूंची मॅट दिसायला लागली, आणि नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्याच.

आता त्या नोझलबद्दल. कागदावर लिहिलंय, 25 ग्रॅम जेलकोटला 15 थेंब. थेंब केवढा, ते कुठंच नाही. बाटली दाबली की कधी एक थेंब पडतो, कधी दोन एकाला एक चिकटून. एप्रिलमध्ये दुपारी अकराला लिंबाखाली बसून पहिलं मिश्रण केलं. चौथ्या मिनिटाला कप हाताला चटके द्यायला लागला, पाचव्या मिनिटाला आत पिवळसर दगड, वरून तडकलेला. पुट्टीची पट्टी त्यातच अडकली. मग 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा मागवला आणि त्याच बाटलीतले वीस वीस थेंब तोलले. एकदा 0.8 ग्रॅम भरले, दुसऱ्यांदा 1.3. म्हणजे कागदाप्रमाणं 15 थेंब टाकले तर हार्डनर कधी 2.4 टक्के, कधी 3.9. पाहिजे वजनाच्या 1 ते 2 टक्के. जास्त झालं तर जेलकोट ठिसूळ होतो, रंग बदलतो. ऊन आहे म्हणून 1 टक्क्याच्या खाली गेलं तर तो पूर्ण पिकतच नाही आणि लवकर खडूसारखा होतो. आमच्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशात उपाय एकच: सकाळी सहाला काम करायचं आणि एका वेळी 25 ग्रॅमच कालवायचं. कस्टमर केअरच्या मुलीला हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. ती म्हणाली, "सर, थेंब मोजूनच टाका." मोजूनच टाकत होतो, ताई.

पाच-दहा रुपयांची खुणा असलेली सिरिंज दिली असती तर हा सगळा त्रास वाचला असता. आता मी हार्डनर काट्यावर तोलूनच घेतो, डोळ्यांवर गॉगल लावून. हार्डनर म्हणजे पेरॉक्साइड, तो डोळ्यात गेला तर डोळा जातो, तिथं कंजूषी करू नका. आणि थर्माकोलच्या कपात कालवू नका, जेलकोटमधल्या स्टायरीननं कप विरघळतो. कागदी कप घ्या.

बाकी काम नेहमीचं. चिरा नुसत्या वरून बुजवल्या तर पुन्हा उमटतात, म्हणून त्या कोरून व्हीच्या आकाराच्या केल्या, ॲसिटोननं पुसल्या आणि थोडा उंचवटा ठेवून भरल्या. हवा लागली की जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिक दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी ते सोललं, मग वॉटर पेपर 400, 600, 1000, 1500, शेवटी रबिंग.

रंग जुळवण्यात मात्र मीच चुकलो, आणि जूनमध्ये त्याचा राग किटवर काढला होता. होडीचा रंग दुधावरच्या सायीसारखा. रात्री ट्यूबलाइटखाली पांढऱ्यात पिवळा आणि कणभर काळा घालून रंग जमवला, खूष झालो. सकाळी उन्हात बघतो तर हिरवट झाक. पिवळ्यात काळा पडला की असंच होतं, हे नंतर कळलं. काळ्याऐवजी मातकट तपकिरी घातला, हिरवा गेला. बायको म्हणाली, "अहो, ब्लाऊजपीस तरी कुणी ट्यूबलाइटखाली घेतं का? आम्ही दुकानाबाहेर उन्हात धरून बघतो." तेव्हापासून प्रत्येक नमुना आइस्क्रीमच्या काडीवर लावायचा, हार्डनर घालून पूर्ण वाळवायचा आणि होडीला टेकवून उन्हात बघायचा. ओल्या आणि वाळलेल्या रंगात फरक पडतोच.

तरी जूनमध्ये पाण्यात उतरवण्याआधी सगळी होडी रबिंग करून पॉलिश केली आणि माझे ठिगळ करडे दिसायला लागले! वाटलं, किटमधला पिवळा उन्हात उडाला. एक स्टार देऊन मोकळा झालो. दोन दिवसांनी दोरी अडकवायची क्लीट गंज बघायला काढली आणि तिच्या खाली होडीचा मूळ रंग दिसला, ऊन न लागलेला, बराच गडद. म्हणजे तेव्हा मी होडीच्या रंगाशी नाही, तिच्यावर उन्हानं साचलेल्या खडूसारख्या थराशी रंग जुळवत बसलो होतो. आधी हातभर जागा घासून पॉलिश करायची आणि मग त्या जागेशी जुळवायचं, हे उलटं केलं. तो स्टार त्याच दिवशी काढून तीन केले. जेलकोटची चूक नव्हती. नव्यानं भरलेलं ठिगळ आज सहा इंचांवरून दिसत नाही, आणि मी रोज शोधतो.

उरलेल्या कामाला वाळूजहून एक किलो सुटा जेलकोट आणला, किटच्या निम्म्या भावात चौपट माल. त्यात कोबाल्ट (जेलकोट घट्ट होण्याला वेग देणारं) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत देतात. दुकानदार काकांनी दोनदा बजावलं, हे दोन्ही थेट एकमेकांत कधीच टाकायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. डबा उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, नुसता पडून घट्ट होतो. माझा माठाशेजारी असतो.

पहिल्यांदाच करणार असाल तर किटच घ्या, माल खरंच चांगला आहे. फक्त बाटलीचं नोझल फेकून द्या. माझं प्रमाण होडीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: पांढरा 25 ग्रॅम, पिवळा रंग 0.35, तपकिरी 0.05, हार्डनर 0.4, सकाळी सहा वाजता.