मोटर चढ सोपा करते, ऊन नाही : दक्षिण श्रीलंकेतील ई-सायकल सहल

श्रीलंकेच्या दक्षिण भागात उडवलवे जलाशयापासून गॉलच्या किल्ल्यापर्यंत ई-सायकलने नेणारी सहा दिवसांची सहल आम्ही गेल्या फेब्रुवारीत केली. आम्ही आठ जण होतो. सर्वांत लहान तिशीतला आणि सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे. सोबत एक वाटाड्या, सामानाची व्हॅन आणि तिचा चालक होता. पहिला दिवस विमानतळावरून उडवलवेला पोहोचण्यात आणि सायकली अंगाच्या मापाने लावून घेण्यात गेला, पुढचे पाच दिवस रोज तीस ते पंचेचाळीस किलोमीटर सायकल चालवली. सहल पुन्हा करावी अशी आहे, परंतु तिची आखणी करणाऱ्यांच्या डोक्यात एक गैरसमज पक्का बसलेला आहे, आणि या लेखातील बहुतेक तक्रारी त्या एका गैरसमजातून निघतात. कंपनी छोटी असून तिच्यातील माणसे मनापासून काम करणारी आहेत, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

स्वतःची ई-सायकल घेऊन जाण्याचा विचार कोणी करीत असेल, तर तो आधीच बाजूला ठेवावा. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-सायकलची बॅटरी साधारणपणे ४०० ते ६०० वॉट-तासांची असते, त्यामुळे तेथे मिळेल तीच सायकल चालवणे भाग असते. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी सायकलींविषयी बारकाईने विचारणे आवश्यक आहे, जे आम्ही केले नाही. आमच्या आठपैकी सहा सायकलींची मोटर पेडलच्या आसापाशी, मधोमध बसवलेली होती आणि तिचा सेन्सर पायाचा दाब मोजत असे. आपण जितका जोर लावू त्या प्रमाणात मोटर मदत करते, त्यामुळे आपले पायच आज अधिक ताकदवान झाले आहेत असे वाटत राहते. उरलेल्या दोन सायकली जुन्या होत्या. त्यांची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये होती आणि सेन्सर केवळ पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखत असे. डांबरी रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र दोन शेतांमधील हातभर रुंदीच्या बांधावर, एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला पाट असताना, पाव फेरी पेडल मारताच सायकल अचानक पुढे झेपावते, तेव्हा तो चांगलाच जाणवतो. आमच्यातील एक बाई दुसऱ्याच दिवशी भातशेतीत उतरल्या. सुदैवाने चिखल मऊ होता. एकाच सहलीचे सारखेच पैसे घेऊन दोन प्रकारच्या सायकली देणे योग्य नाही, आणि तशा द्यायच्याच असतील तर कोणाला कोणती मिळणार हे आधी सांगायला हवे.

सहलीचा सर्वांत समृद्ध भाग समुद्रकाठी नसून पहिल्या दोन दिवसांच्या शेतीपट्ट्यात आहे, हे मला जाण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर पटले नसते. श्रीलंकेचा हा कोरडा प्रदेश जुन्या-नव्या तलावांवर आणि कालव्यांवर जगतो. प्रत्येक कालव्याच्या काठाने पाटबंधारे खात्याच्या देखभालीसाठी एक कच्चा पण सपाट रस्ता जातो. त्यावर मोटारी जवळजवळ नसतात, सावली मात्र बऱ्याच ठिकाणी असते. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला भात, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि मधूनच रस्ता ओलांडणारी, मगरीचा भास व्हावा एवढी लांब पाणघोरपड. मोटारीत बसून हा रस्ता सापडत नाही आणि साध्या सायकलीवर इतक्या उष्म्यात तो पाहण्याइतके डोळे उघडे राहत नाहीत. ताशी पंधरा-अठरा किलोमीटर वेगाने, श्वास न लागता, शेजारच्याशी बोलत जाता येणे हीच या वाहनाची खरी देणगी आहे. आमच्या सायकलींची मदत ताशी २५ किलोमीटरला आपोआप थांबत असे, जी युरोपातील नियमांतून आलेली मर्यादा आहे, आणि संपूर्ण सहलीत त्याहून अधिक वेगाची गरज मला एकदाही भासली नाही.

उडवलवेचे राष्ट्रीय उद्यान १९७२ साली घोषित झाले आणि ते हत्तींसाठी प्रसिद्ध आहे. जलाशयाच्या कडेने जाणाऱ्या मुख्य रस्त्यालगत विजेचे कुंपण आहे, आणि येणारे-जाणारे फळे देतात म्हणून काही हत्ती त्या कुंपणाशी येऊन उभे राहतात. आमच्या वाटाड्याने त्या पट्ट्याच्या अलीकडेच सायकली व्हॅनवर चढवल्या आणि आम्हांला आत बसवले. दोघांनी कुरकूर केली, कारण माहितीपत्रकातील छायाचित्रात सायकलस्वार आणि हत्ती एकाच चौकटीत दिसत होते. वाटाड्याने शांतपणे सांगितले की खाण्याची सवय लागलेला हत्ती कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे हे रोज तपासावे लागते, आणि तो स्वतः ते छायाचित्र कधी काढू देणार नाही. त्या क्षणापासून मी त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला.

या सहलीत आपण पैसे मोजतो ते खरे तर या माणसाच्या माहितीचे. किनाऱ्याला समांतर जाणारा ए-२ हा मुख्य रस्ता कोलंबोहून गॉल, मातारा, हंबनटोटा असा पुढे जातो. त्यावर खाजगी बसगाड्या ज्या वेगाने आणि ज्या हक्काने धावतात, ते पाहता त्यावरून सायकल चालवणे हा करमणुकीचा विषय राहत नाही. वाहतूक डावीकडून असल्यामुळे तेवढा एक गोंधळ टळतो. आमच्या वाटाड्याने पाच दिवसांत आम्हांला त्या रस्त्यावर एकूण तासभरही राहू दिले नाही. रेल्वेरुळांच्या कडेची पायवाट, विहाराच्या मागील गल्ली, माडांच्या बागांमधून जाणारी वाट असे तुकडे त्याने अशा सफाईने जोडले होते की मुख्य रस्त्याचे भोंगे ऐकू येत, पण बस दिसत नसे. नकाशाचे ॲप हे काम करू शकत नाही, हे एका दुपारी मी स्वतः ॲपच्या भरवशावर निघून, एका घराच्या अंगणात पोहोचून सिद्ध केले.

आता त्या गैरसमजाकडे वळतो. कंपनीची समजूत अशी दिसते की मोटर असल्यावर माणूस दमत नाही, आणि माणूस दमत नसल्यामुळे कोणत्याही वेळी निघाले तरी चालते. पहिले दोन दिवस हॉटेलची न्याहारी, सामान भरणे आणि सायकली तपासणे उरकून आम्ही पावणेनऊला निघालो. श्रीलंका विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहे की फेब्रुवारीतही सूर्य साडेसहाच्या आत उगवतो, आणि नऊ वाजेपर्यंत सावल्या आखूड होऊ लागलेल्या असतात. मोटर पायांचे श्रम कमी करते, त्यामुळे शरीरात निर्माण होणारी उष्णताही कमी होते, हे खरे आहे. पण डोक्यावरचे ऊन आणि हवेतील दमटपणा यांवर तिची काहीही मात्रा चालत नाही. उलट ती एक फसवणूक करते. चालत्या सायकलीवर अंगाला सतत वारा लागत असल्यामुळे घाम वाळत राहतो आणि आपण किती पाणी गमावले हे कळत नाही. सायकल थांबताच पाच मिनिटांत कपडे चिंब होतात आणि डोके जड होते. साध्या सायकलीवर पाय आधी थकतात आणि माणसाला सावलीत बसवतात. येथे तशी पूर्वसूचना मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मुल्किरिगला येथे याचा कळस झाला. सुमारे दोनशे मीटर उंचीच्या त्या कातळावर वेगवेगळ्या टप्प्यांवर गुहामंदिरे आहेत आणि भित्तिचित्रे फार सुरेख आहेत. जॉर्ज टर्नर या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२६ साली येथेच महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन पाली इतिवृत्तावरील टीका, म्हणजे भाष्य, ताडपत्रांवर सापडली, जिच्यामुळे त्या इतिवृत्ताचा अर्थ लावता आला. अशा ठिकाणी सकाळी सात वाजता यावे. आम्ही साडेबाराला पोहोचलो. मंदिराच्या आवारात अनवाणीच जायचे असते, जे योग्यच आहे. पण भर दुपारी तापलेल्या दगडावर पाचशेहून अधिक पायऱ्या चढण्याचा प्रसंग यात्रेकरूंवर नव्हे, तर वेळापत्रक करणाऱ्यांवर यायला हवा. आठपैकी तिघे वर पोहोचले. मी चौथा होतो, म्हणजे खाली बसलेल्यांपैकी पहिला.

उन्हाचा परिणाम बॅटरीवरही होतो. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर जीर्ण होते आणि तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नये, म्हणून वाटाड्या मुक्कामी पोहोचताच बॅटऱ्या काढून सावलीत ठेवत असे आणि रात्री जेवणानंतर चार्जर जोडत असे. मात्र आठ सायकलींना मिळून एकच जादा बॅटरी होती आणि ती व्हॅनमध्ये असे, तर व्हॅन बहुतेक वेळा पुढच्या मुक्कामाला पोहोचलेली असे. तिसऱ्या दिवशी तंगाल्लेहून निघाल्यावर आमच्यातील एकाने, कोणी विरोध न केल्यामुळे, सकाळपासून मोटरच्या मदतीच्या सर्वांत जोरकस टप्प्यावरच सायकल चालवली. मुक्काम आठ किलोमीटरवर असताना बॅटरी संपली. मोटर बंद पडलेली पंचवीस किलोची सायकल चालवणे म्हणजे ब्रेक दाबून धरून साधी सायकल चालवण्यासारखेच असते. व्हॅन परत येईपर्यंत आम्ही पाऊण तास एका किराणा दुकानाच्या पडवीत बसलो, आणि खरे सांगायचे तर तो पाऊण तास वाईट गेला नाही. समोरून पाव विकणारी तीनचाकी गेली. या गाड्या कर्ण्यावर बेथोव्हेनची एक धून वाजवत गावोगाव फिरतात आणि लोक त्यांना चून पान म्हणतात. दुकानदाराने केशरी सालीची शहाळी, म्हणजे थांबिली, फोडून दिली. तरीही दोन जादा बॅटऱ्या बरोबर ठेवणे आणि पहिल्याच दिवशी मदतीचे टप्पे कसे वापरावेत हे नीट समजावणे, ही कंपनीची जबाबदारी होती.

किनाऱ्याचे पहिले दोन दिवस मी थोडक्यात आटोपतो, कारण सहलीतही ते थोडक्यात आटोपले. दिक्वेल्लाजवळचे हुम्मानया, जेथे खडकातील फटीतून समुद्राचे पाणी कारंज्यासारखे उसळते, ते नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पाहावे. फेब्रुवारीत ते फुरफुरले आणि गप्प बसले. दोंद्रा येथील १८९० सालचा दीपस्तंभ सुमारे ४९ मीटर उंच आहे आणि बेटाच्या दक्षिण टोकावर उभा आहे, इतकेच त्याचे आकर्षण. पण ते पुरेसे आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत चेन आणि बॅटरीचे जोड लवकर गंजतात, त्यामुळे रोज संध्याकाळी सायकली ओल्या फडक्याने पुसल्या जात होत्या, याची नोंद मात्र कंपनीच्या बाजूने करायला हवी.

वेलिगामाच्या पुढे सहल पुन्हा आत वळली आणि पुन्हा रंगली. कोग्गला सरोवराच्या परिसरात दालचिनीच्या बागा आहेत. एका घराच्या ओसरीवर साल सोलणाऱ्या कुटुंबाकडे आम्ही तासभर बसलो. आधी बाहेरची खरबरीत साल खरवडायची, मग पितळी दांड्याने घासून आतील साल सैल करायची आणि सुरीने ती अखंड सोडवून एकात एक गुंडाळायची, हे काम इतक्या वेगाने चालते की पाहणाऱ्याला ते सोपे वाटावे. मी प्रयत्न केला आणि एक चांगली फांदी वाया घालवली. याच सरोवरावर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता; ४ एप्रिल १९४२ रोजी येथून उडालेल्या लिओनार्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाने जपानी आरमार श्रीलंकेकडे येत असल्याचे पाहून इशारा दिला होता. रोवलेल्या काठीवर बसून मासेमारी करणारे कोळीही याच किनाऱ्यावर दिसतात. त्यांच्यापैकी अनेक जण आता पर्यटकांच्या छायाचित्रासाठी पैसे घेऊन बसतात, हे वाटाड्याने लपवले नाही आणि आग्रहही केला नाही.

जेवणाची तक्रार नाही. उडवलवेच्या बाजूला मडक्यात लावलेले म्हशीच्या दुधाचे दही आणि त्यावर भेरली माडाची काकवी, हे एवढे रोज मिळाले तरी मी दुपारचे जेवण सोडायला तयार होतो. हेल्मेट चांगली होती, सायकलींची मापे मात्र दोनच होती, त्यामुळे उंचीने कमी असलेल्या दोघींना पाय टेकताना त्रास झाला. खर्च याच कंपनीच्या साध्या सायकलच्या सहलीच्या सुमारे दीडपट आहे. वयात आणि ताकदीत अंतर असलेल्या माणसांना एकत्र फिरायचे असेल, तर हा जादा खर्च वसूल होतो. आमच्यातील अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ पाचही दिवस मागे पडले नाहीत, आणि सर्वांत पुढे असणाऱ्याला कोणासाठी थांबावे लागले नाही. सगळेच दणकट असतील तर साधी सायकल बरी. सहलीच्या तारखा पौर्णिमेच्या आसपास येत असतील, तर पोया, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीच्या, दिवशी मद्यविक्री बंद असते, हेही लक्षात ठेवावे. प्रवासविम्यात ई-सायकलचा समावेश आहे की नाही, हे मात्र पैसे भरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

शेवटच्या रात्री आम्ही सर्वांनी मिळून वाटाड्याला विनंती केली की शेवटच्या दिवशी न्याहारी बांधून द्यावी आणि उजाडताच निघावे. तो हसला आणि म्हणाला की तो दर वेळी हेच सुचवतो. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला, दिवे लावून, आम्ही कोग्गलाहून निघालो. भातावर धुके होते, शाळेची पांढऱ्या गणवेशातील मुले अजून रस्त्यावर यायची होती, आणि एका विहारापाशी थांबून खाल्लेली केळीच्या पानातील न्याहारी थंड झाली होती तरी कोणी काही बोलले नाही. आडवाटा धरून, दोनदा चहाला थांबूनही, आम्ही गॉलच्या किल्ल्यात शिरलो तेव्हा नऊ वाजायचे होते. डचांनी बांधलेल्या तटावर अजून सावली होती, आणि माझ्या बॅटरीचे पाचपैकी चार टप्पे शिल्लक होते.