क्यूफील्डक्लाऊडचं फुकट खातं: द्राक्षबागांच्या नकाशाला पुरतं का?

दिंडोरी-निफाड पट्ट्यात एखाद्या शेतकरी कंपनीला दीडशे बागांचा नकाशा करायचा असला की पहिलं नाव निघतं गूगल माय मॅप्सचं. नुसतं बघायचं-दाखवायचं असेल तर ते पुरतं. एका नकाशात १० थर (लेयर), एका थरात २,००० ओळींची शीट चढते, लिंक पाठवली की काम झालं. शीट चढवताना जागेसाठी गावाचं नाव निवडू नका. पिंपळगाव कुठलं, हे गूगल स्वतःच्या मनाने ठरवतं. अक्षांश-रेखांशाचे दोन वेगळे रकाने द्या आणि क्रम तपासा. नाशिक साधारण २० उत्तर, ७३.८ पूर्व. उलटं पडलं तर मोहाडीची बाग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसते.

पण बांधावर उभं राहून फोनवर नोंद करायची म्हटली की माय मॅप्स संपलं. त्याचं अँड्रॉइड अ‍ॅप २०२१ मध्येच बंद झालं. चार पोरं चार गावांत फिरणार असतील तर क्यूफील्ड हे शेतात नकाशावर नोंदी घेण्याचं फुकट अ‍ॅप आणि त्यामागचं क्यूफील्डक्लाऊड, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र साठवणारी ऑनलाइन सेवा, घ्यावं. फुकट खात्यात १०० एमबी जागा मिळते. रेंज फक्त प्रोजेक्ट उतरवताना आणि नोंदी पाठवताना लागते, मधल्या वेळी फोन बिनरेंजचा चालतो.

आधी संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आणि त्याला क्यूफील्डशी जोडणारं क्यूफील्डसिंक प्लगिन लागतं. नवख्यांचं घोडं इथेच अडतं. नकाशाचा थर साठवायच्या फाइलचे दोन प्रकार दिसतील. थर जिओपॅकेजमध्येच करा, शेपफाइलमध्ये नको. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ‘छाटणी तारीख’ आणि ‘छाटणी शेरा’ दोन्ही ‘छाट’वर येऊन थांबतात. यादी एक्सेलमधून आणणार असाल तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साधी सीएसव्ही घेतली तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

थराची प्रक्षेपण पद्धत (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) ईपीएसजी क्रमांक ३२६४३ ठेवा, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर. नाशिक त्यातच येतं आणि मोजमाप थेट मीटरमध्ये मिळतं. ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत अंशांवर काम चालतं. तिथे चुकीचं सूत्र वापरलं की एकरभराचं क्षेत्र ०.००००००३ असं काहीतरी येतं. चौरस मीटरला १०० ने भागलं की आर, १०१.१७ ने भागलं की गुंठे. हे सूत्र रकान्याच्या डीफॉल्ट मूल्यात टाका आणि ‘बदल झाल्यावरही लागू करा’वर टिक करा, नाहीतर हद्द दुरुस्त केल्यावर जुनाच आकडा राहतो. द्राक्षाच्या वाणाला मोकळा रकाना देऊ नका, यादी द्या. नाहीतर एकटं थॉमसन पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

फोनवर सर्वांत जास्त घोळ एका बटणाचा होतो. क्यूफील्डमध्ये बिंदू पडतो तो पडद्यावरच्या खुणेखाली. ही खूण जीपीएसला कुलूपबंद केलेली नसेल तर माणूस बांधावरून चालत राहतो आणि बिंदू नकाशा जिथे थांबलाय तिथेच एकावर एक पडतात. फेरी सुरू करण्याआधी ते कुलूप बघा. सेटिंगमध्ये अचूकतेची मर्यादाही घाला, ५ मीटरपेक्षा वाईट असेल तर नोंद घेऊच नये अशी. कोपऱ्यावर सरासरी घेण्याची सोय आहे, ती वापरा.

साध्या फोनची चूक मोकळ्यावर ३ ते ५ मीटर असते, मांडवाखाली त्याहून वाढते. म्हणून हद्द मांडवाबाहेरूनच चाला. याचा हिशेब असा: एक एकराचा चौकोनी प्लॉट म्हणजे बाजू सुमारे ६३.६ मीटर. चारही बाजू २ मीटर बाहेर सरकल्या तर क्षेत्र तेरा टक्के, म्हणजे पाच गुंठे वाढतं. फवारणीचं नियोजन किंवा पेट्यांचा अंदाज यासाठी हे चालून जाईल. बांधाच्या भांडणात हा नकाशा काढू नका, त्याला सरकारी मोजणीच लागते.

आता १०० एमबीचं. नोंदी काहीच जागा खात नाहीत, खातात ते फोटो. फोनचा फोटो ३ एमबीचा धरला तर तीस-पस्तीस फोटोंत खातं भरलं. प्रोजेक्टच्या क्यूफील्ड सेटिंगमध्ये फोटोच्या लांबी-रुंदीला मर्यादा घाला. डाऊनी रोगाचा पानावरचा डाग ओळखायला हजारेक पिक्सेल पुष्कळ होतात. आणि पाठवताना नोंद आधी जाते, फोटो मागून. ‘पाठवलं’ म्हणून वायफायमधून उठलेल्या पोराचे फोटो फोनमध्येच अडकलेले असतात.

सगळ्यांना एकच लॉगिन देण्याचा मोह आवरा. प्रत्येकाचं खातं वेगळं, भूमिका ‘रिपोर्टर’. त्याला नवी नोंद घालता येते, जुनी बदलता येत नाही. दोघांनी एकच नोंद बदलली तर मूळ सेटिंगमध्ये नंतर पोहोचलेली टिकते आणि आधीची गुपचूप पुसली जाते. हे मला या सेवेतलं सर्वांत खटकणारं. प्रोजेक्टच्या सेटिंगमधला ‘ओव्हरराइट कॉन्फ्लिक्ट्स’ बंद केला की निवाडा तुमच्या हातात येतो. त्याहून सोपं म्हणजे गावं वाटून द्या. संगणकावर प्रोजेक्टमध्ये रकाना वाढवायचा असेल तर आधी सगळ्यांच्या फोनमधल्या नोंदी वर येऊ द्या.

शेतकऱ्यांचे फोन नंबर थरात घालू नका. माय मॅप्सच्या लिंकवरून केएमएल, म्हणजे नकाशाची अख्खी फाइल, कुणीही उतरवून घेतो आणि सगळे रकाने त्याच्या हातात जातात. देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडची नोटांची प्रेस यांच्या आसपास काम असेल तर तिथल्या आतल्या गोष्टींवर नावं टाकू नका.

एक अडचण फुकट खात्यात सुटत नाही. केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आडव्या दिशेने १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवावी लागते. फोनची मोजणी त्यात बसत नाही, आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) लावली तर बसते. अशा कामाला ही विदेशी सेवा घेऊ नका. क्यूफील्डक्लाऊडचा कोड खुला आहे, भारतातल्या सर्व्हरवर डॉकर या सॉफ्टवेअरने बसवता येतो. पण तो सांभाळणारा माणूस पगारी लागतो.