हिरवळीसाठी पांढऱ्या क्लोव्हरचे लेपित बियाणे : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या घरामागची हजारेक चौरस फुटांची हिरवळ दर ऑगस्टमध्ये पिवळी पडत असे, म्हणून गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर तिच्यात पांढऱ्या क्लोव्हरचे एक पौंडाच्या पिशवीतील अर्धे बी फेकले. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे रब्बीत जनावरांसाठी पेरतात त्या बरसीमचे भावंड. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधी घेतलेले ते पीक, जमिनीला का मानवतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रोपाच्या मुळांवरच्या गाठींचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हे बियाणे रायझोबियमची, म्हणजे त्या गाठींत राहून हवेतला नत्र रोपाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया केलेले, लेप दिलेले आहे. घर बांधताना उकरलेल्या आमच्या निर्जीव मातीत हा लेप उपयोगी पडला असे माझे मत आहे; मात्र पिशवीच्या वजनापैकी जवळजवळ एक तृतीयांश वजन त्या लेपाचेच असते. किमतीची तुलना करताना लेबलवरचे शुद्ध बियाण्याचे प्रमाण आणि जिवाणूंची मुदत अवश्य वाचावी.

बी खसखशीएवढे बारीक असल्याने ते हाताने सारखे पडत नाही. मी ते कोरड्या वाळूत मिसळले, गवत आखूड कापून दाताळ्याने माती मोकळी केली आणि फेकल्यावर बी पाव इंचापेक्षा खोल जाणार नाही याची काळजी घेतली. आठव्या दिवशी दोन इवल्या दलांची जोडी वर आली, त्यानंतर एकच गोल पान, आणि मग कुठे ओळखीचे त्रिदल दिसले. पिशवीवर पाणी जवळजवळ लागत नाही असा दावा आहे. तो मुरलेल्या रोपांना लागू पडतो, पहिले तीन आठवडे मात्र मला रोज हलके पाणी द्यावे लागले.

यंदाच्या ऑगस्टमध्ये शेजारचे गवत सुकले असताना आमचे अंगण हिरवे राहिले, आणि दोन वर्षांत नत्रखताचा एक दाणाही घातलेला नाही. उणिवाही आहेत. मेपलच्या दाट सावलीत बी रुजले नाही, हिवाळ्यात पाने झडून मधूनमधून माती उघडी पडते आणि सशांना कोवळी पाने फार आवडतात. जूनमध्ये फुलांवर मधमाश्या इतक्या येतात की मुले अनवाणी खेळणार असतील तेव्हा मी आदल्या दिवशी तीन इंचांवर कापणी करतो. एरवी फुले राहू देतो, कारण त्या मधमाश्यांचे येणे मला मनापासून हवे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुंद पानांच्या तणांवर मारले जाणारे टू-फोर-डी क्लोव्हरलाही मारते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तणनाशक घरोघरी पोचण्यापूर्वी अमेरिकेत हिरवळीच्या मिश्रणात क्लोव्हर सर्रास असे. ज्यांनी फवारणीचे वार्षिक कंत्राट दिलेले आहे त्यांनी ते आधी थांबवावे, नाहीतर हे बी घेऊ नये. मी पुढच्या अंगणासाठी ताजी पिशवी मागवली आहे. मेपलखालची जागा मात्र सोडून देणार आहे.