शिवणक्लास, आयटीआय की थेट गारमेंट? सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींसाठी

दहावी झाली, शेत कोरडवाहू, कॉलेजचा खर्च झेपत नाही आणि स्थळं यायला लागलीत. अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरकडच्या अशा घरांत मुलीसाठी तीनच गोष्टी सुचवल्या जातात: शिवण शिक, आयटीआय कर, नाहीतर सोलापुरात गारमेंटला, म्हणजे तयार कपड्यांच्या कारखान्यात, जा. ज्यांना यातलं एक ठरवायचंय त्यांनी आधी मुलीचं वय बघावं.

शिवणासाठी फुकटातली चांगली सोय म्हणजे आरसेटी, म्हणजेच ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ती बँक चालवते. शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत, वर्ग साधारण महिनाभराचा. पण वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. आयटीआयला १४ पासून घेतात. सोळा वर्षांच्या मुलीला ‘अठरा झाली की शिवण शिकेल’ म्हणून घरी बसवलं, तर तेवढ्या दोन वर्षांत इलेक्ट्रिशियनचा आख्खा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा कोर्स, पुरा झाला असता. आणि घरी बसलेल्या मुलीचं त्या दोन वर्षांत काय ठरतं, हे गावात कुणाला सांगायला नको.

महिन्याभरात शिवण किती येतं? परकर, फ्रॉक, साधा ब्लाउज, पिको-फॉल. पैसा असतो तो कटोरी आणि अस्तराच्या ब्लाउजात, आणि तिथंच हात कच्चा राहतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्याखालचा गोल, एकदा चुकला की हात वर करताना ब्लाउज ओढतो, ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि चार बायकांना सांगतं ते वेगळंच. म्हणून वर्ग संपल्यावर चार-सहा महिने एखाद्या चालत्या टेलरकडे, कमी पैशात का होईना, कटिंग शिकायला बसायची तयारी हवी. ती नसेल तर मशीन घेऊ नका. मशीनसाठी सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि गावातलं शिवण लग्नसराई नि दिवाळीवर चालतं. वर उधारी. जवळच्या नात्यातल्या बायका तर ‘देते की गं नंतर’ म्हणूनच घेऊन जातात.

तरीही ज्या मुलीला गाव सोडता येणारच नाही, आई आजारी आहे किंवा लहान बाळ आहे, तिच्यासाठी शिवणच बरं. एकटीनं दुकान मांडण्यापेक्षा गटातून काम मिळालं तर जास्त टिकतं. सोलापुरात चंद्रिका चौहान यांच्या उद्योगवर्धिनीनं शिवण आणि खाद्यपदार्थांच्या कामात बायकांना तसं उभं केलंय.

आयटीआयचं माझं मत स्पष्ट आहे: जाणारच असाल तर सवयीनं शिवणाचाच ट्रेड घेऊ नका. मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, आणि इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला त्या भरायला मुलीच पुढे येत नाहीत. ‘खांबावर चढणार का पोरगी?’ हा प्रश्न हमखास येतो. खांबाशिवायही कामं आहेत: पॅनेल वायरिंग, मोटर वाइंडिंग, कारखान्यातली देखभाल. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचंच प्रमाणपत्र मागतात. शिवाय शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळतं. खरी अडचण येण्याजाण्याची. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा भार हलका झाला. पण प्रॅक्टिकल संपल्यावर गावाकडची शेवटची गाडी किती वाजता, हे फॉर्म भरण्याआधी स्टँडवर जाऊन विचारा. गाडी नसेल तर वसतिगृह बघा, किंवा तालुक्याच्या आयटीआयला जो ट्रेड आहे तो घ्या.

गारमेंटमध्ये पहिल्या महिन्यापासून पैसे हातात येतात, हे त्याचं मोठेपण. सोलापूरचे शाळेचे गणवेश दूरवर जातात, त्यामुळे जूनच्या आधी हातांची गरज असते. पण तिथं जुकीवर, म्हणजे कारखान्यातल्या शिलाई मशीनवर, बसलेली मुलगी कॉलर लावत असेल तर दिवसभर कॉलरच लावते. वेग येतो, अख्खा शर्ट येत नाही, कटिंग तर नाहीच. पीस रेट, म्हणजे नगावर मजुरी, असेल तर सीझन उतरल्यावर पगारही उतरतो. घरात आजच्या आज पैसा हवा असेल तर जाऊ द्या, मात्र पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आहे का ते आधी विचारा.

नर्सिंगचं एक सांगते, कारण बोर्ड सगळीकडे लागलेत. बारावीनंतरचं दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, एवढंच नर्स म्हणून चालतं. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देतो म्हणणाऱ्यांना फी देऊ नका. रुग्णसेवा सहायकाचं काम वेगळं. ते शिकायला हरकत नाही, पण त्याला नर्सची फी कशाला?

कुठंही नाव घालण्याआधी मागच्या बॅचच्या दोन मुलींशी बोला. आता काय करतात, महिन्याला किती मिळतात, आणि ते पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात, हे तिन्ही विचारा.